पायापुढे रेष आखणारी काठी

चालता चालता ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. पार्किन्सन आहे, पण नुसता हात थरथरतो आणि चाल ठीक आहे, अशांना या काठीचा काही उपयोग नाही. गुडघे दुखतात म्हणून आधार हवा असणाऱ्यांनाही नाही. साधी काठी हिच्यापेक्षा मजबूत आणि हलकी मिळते. हिचं काम एकच: बटण दाबलं की चालणाऱ्याच्या पावलापुढे जमिनीवर आडवी हिरवी रेष पडते. ती ओलांडायची. झालं.

कंपनीचं नाव देत नाही. याच धर्तीच्या काठ्या बऱ्याच नावांनी मिळतात, आणि माझ्या तक्रारी एका कंपनीपुरत्या नाहीत.

पाय चिकटणं म्हणजे काय, हे न भोगलेल्याला समजावणं अवघड. मी नोकरीभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, जडत्व हजारदा फळ्यावर समजावलं, पण याचं वर्णन करताना अजून अडखळते. पायातली ताकद जात नाही. पाय बधिर होत नाहीत, दुखत नाहीत. उचलायचाय हे ठाऊक असतं, कुठे ठेवायचाय ते समोर दिसत असतं. आज्ञा निघते आणि पोचत नाही. टाचा किंचित उचललेल्या, गुडघे बारीक थरथरताहेत, आणि धड मात्र पुढे निघालेलं. पडायला होतं ते यामुळेच. वरच्या अर्ध्या अंगाला वाटतं आपण चालतोय, खालच्या अर्ध्याला पत्ताच नाही. काही सेकंदांत सुटतं. पण ते सेकंद लिफ्टच्या दारात आले आणि मागे चार माणसं उभी असली, की ते घड्याळाने मोजायचे राहत नाहीत.

जागा ठरलेल्या आहेत. दाराची चौकट. दोन कपाटांमधली फट. वळण, विशेषतः न्हाणीघरातलं, जिथे जागाच नसते. आणि सर्वांत चीड आणणारी म्हणजे खुर्चीच्या अलीकडचं दीड पाऊल: पोचलेच, आता फक्त वळून टेकायचं, आणि तिथेच खांब. फोन वाजला की होतं. कोणी ‘लवकर’ म्हटलं की हमखास होतं. हातात कप घेऊन बोलत चालले की होतं, कारण दोन कामं एकदम करायची झाली की पायांना मिळणारं लक्ष कमी पडतं. घरचे सुरुवातीला हात धरून ओढायचे. कृपा करून ओढू नका. ओढल्याने धड आणखी पुढे येतं आणि पाय आहेत तिथेच राहतात. फिजिओने शिकवलेला क्रम असा: थांबा, ताठ उभ्या राहा, या पायावरून त्या पायावर डोला, मग मोठं पाऊल टाका. हा फुकटातला उपाय आहे आणि काठी घेतल्यावरही तो सोडायचा नसतो.

आता रेषेने का सुटतं ते. मेंदूच्या बुडाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळपट भाग असतो. तिथल्या डोपामिन (मेंदूतले निरोप पोचवणारं एक रसायन) तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी कमी होत जातात, आणि जे आपण मनावर न घेता करतो, म्हणजे चाल सुरू करणं, एकामागून एक पाऊल पडत राहणं, ते आपोआप होईनासं होतं. पण बाहेर एखादी खूण दिसली आणि तिच्याकडे बघून पाऊल टाकायचं ठरवलं, तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो, डोळ्यांच्या आणि लहान मेंदूच्या मदतीने. ती वाट बरीच शाबूत असते, असं मानतात. सपाट खोलीत अडकणारी मी जिना सरळ चढून जाते ते म्हणूनच. प्रत्येक पायरीची कड म्हणजे एक रेषच. घरी आलेल्यांना हे बघून संशय येतो. मघाशी तर हिला हलता येत नव्हतं, आता जिना कशी चढली? 2010 साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाचं चित्रण प्रसिद्ध केलं होतं. जेमतेम काही पावलं टाकून अडकणारा माणूस, सायकलवर बसवला की झोकात चालवत निघतो. मी ते चित्रण मोबाइलवर ठेवलंय. ‘जरा मनावर घ्या, होईल’ म्हणणाऱ्यांना आधी ते दाखवते, मग बोलते.

रेषेचा उपयोग जुनाच आहे. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने 1967 मध्येच लिहून ठेवलंय की जमिनीवर योग्य अंतराने आडव्या रेषा काढल्या की अशा रुग्णांची पावलं पडू लागतात, आणि चालीच्या दिशेने लांबट काढलेल्या रेषांनी काही होत नाही. काठीवाल्यांनी रेष सोबत नेण्याची सोय केली, इतकंच. पण ती सोय मोठी आहे. घरात चिकटपट्टी लावता येते, बँकेच्या दारात कोण लावू देणार?

काठीचं चांगलं आधी सांगते. रेष हिरवी आहे, ते फार बरं केलं. उजेडात माणसाचा डोळा पिवळसर हिरव्या रंगाला, साधारण 555 नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त दाद देतो. हिरवा लेझर बहुतेक 532चा असतो, लाल 635 ते 650च्या घरात. सारख्याच शक्तीची हिरवी रेष लालपेक्षा कितीतरी उजळ दिसते. लाल रेषेची काठी मी फिजिओकडे वापरून पाहिली. दिवे लावलेल्या खोलीत ती शोधावी लागत होती, आणि खूण शोधावी लागली तर ती खूण कसली. शक्ती 1 मिलीवॉटच्या आत, म्हणजे दुसऱ्या वर्गातला लेझर, तसं लेबल लावलेलं आहे. चुकून डोळ्यावर गेला तर पापणी मिटेपर्यंत इजा होत नाही. तरी आरशासमोर आणि लहान मुलांच्या उंचीवर सांभाळा. लेबल नसलेली स्वस्त काठी घेऊ नका.

रेष किती पुढे पडावी ते खालचा स्क्रू फिरवून ठरवता येतं. हे मात्र घरी एकट्याने करू नका. रेष जवळ घेतली तर पावलं आखूड पडतात, जी आधीच आखूड झालेली असतात. लांब घेतली तर झेप घ्यावी लागते आणि तोल जातो. आजाराआधी माझं पाऊल केवढं पडत असेल याचा अंदाज घेऊन फिजिओने ती लावून दिली. लावल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या चौकटीतून गेले ते थेट आत, मध्ये थांबा नाही. नवरा ओट्यापाशी होता. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, ‘अगं, तू आलीस?’ एरवी मी येतेय हे त्याला चौकटीतल्या पायांच्या घासण्यावरून आधीच कळतं.

आता बटण. त्याबद्दल बोलायच्या आधी दुकानाबद्दल थोडं, कारण दोन्हीचा संबंध आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. मी खुशीत असले तरी ते चेहऱ्यावर उमटत नाही. आवाज बारीक होतो, उत्तर द्यायला एक क्षण जास्त लागतो. दुकानातल्या मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, यांना काही कळत नसावं असं ठरवलं आणि पुढचं सगळं लेकीशी बोलला. ‘आजींना जमेल ना?’ मी तिथेच उभी. लेक म्हणाली, ‘आईलाच विचारा ना. तिने शिकवलेली पोरं इंजिनिअर झालीत.’ ऐकायला छान वाटलं. पण घरी आल्यावर लक्षात आलं की हे बटणही कुठल्या तरी इंजिनिअरनेच बनवलंय, आणि त्याला कोणी कंप शिकवलेला नाही.

बटण मुठीवर अंगठ्याखाली आहे. दाबून धरलं तर धरलेलं असेपर्यंत रेष राहते. पटकन दोनदा दाबलं तर कायम चालू. पुन्हा दोनदा दाबलं तर बंद. माहितीपत्रकात वाचताना सुबक वाटतं. पार्किन्सनचा कंप सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होतो. म्हणजे अंगठ्याच्या एका हेलकाव्यापासून पुढच्यापर्यंत सेकंदाचा चौथा ते सहावा भाग. ‘पटकन दोनदा’ म्हणून बटण जे ओळखतं, ते नेमकं याच टप्प्यातलं. त्यात चालताना हाताचा कंप आणखी वाढतो. डॉक्टर तपासताना मुद्दाम चालायला लावतात ते तो दिसावा म्हणूनच. परिणाम असा की मी एकदा दाबते आणि काठीला दोनदा ऐकू येतं. रेष कायम चालू होते. मी पुन्हा दाबते, ती विझते. विझते ती ऐन चौकटीत, कारण बटणाकडे हात जातो तोच मुळी चौकटीत.

आणि कंप नसता तरी हे बटण चुकीच्या जागी आहे असंच मी म्हणेन. अडकलेल्या माणसाचं सगळं लक्ष पायात गेलेलं असतं. त्याला त्याच क्षणी अंगठ्याचं वेगळं काम सांगायचं म्हणजे जी गोष्ट त्याला जमत नाही तीच उपचार म्हणून द्यायची. पाय समजून घेतला, हात समजून घेतला नाही. पाय आणि हात एकाच माणसाचे आहेत, आणि त्या माणसाला घाईही झालेली आहे, लाजही वाटतेय, हे तर कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. टोक जमिनीवर टेकलं की आपोआप रेष लागते अशाही काठ्या निघाल्या आहेत. त्यातली एक मी काही वेळ वापरली. बटणाच्या बाबतीत ती उजवी, पण तिच्यावर जरा भार द्यावा लागतो, आणि माझ्यासारखी हलक्या हाताने काठी टेकणारी बाई असली की रेष लागते न लागते.

माझा तोडगा असा: खुर्चीत बसल्या बसल्याच, डाव्या हाताने (तो कमी कापतो) काठी कायम चालू करून घ्यायची आणि मग उठायचं. याने बॅटरी लवकर संपते. बॅटरीचं झाकण नाणं फटीत बसवून फिरवायचं असतं. ज्यांच्यासाठी ही काठी आहे त्यांच्यातल्या कितीजणांच्या हातून ते नाणं फटीत बसेल, याचा विचार करणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं.

रेष कायम चालू ठेवण्यात दुसरीही अडचण आहे. सतत दिसत राहिली की तिचा असर ओसरतो, निदान माझ्या बाबतीत. म्हणून मोकळ्या जागेत मी ती जमिनीवरून उचलून बाजूला वळवते आणि दार आलं की पुन्हा पुढे आणते. हे जमायला सराव लागला.

कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. उन्हात रेष नावाला उरते. दुपारी बाहेर पडणार असाल तर तिच्या भरवशावर पडू नका. नक्षीच्या फरशीवर ती हरवते. चकचकीत पॉलिश केलेल्या फरशीवर तिची दुसरी फिकट जोडरेष कुठेतरी भिंतीवर उठते आणि नजर तिकडे जाते. वळणावर ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण रेष पडते समोर आणि मला जायचं असतं बाजूला. वळण जागच्या जागी न घेता मोठ्या अर्धवर्तुळात घ्यायचं, हे काठीने नाही, फिजिओनेच शिकवलं. गर्दीत रेष लोकांच्या बुटांवर चढते. लोक दचकून खाली बघतात, मग माझ्याकडे बघतात. इमारतीतल्या एका लहान मुलाला मात्र ती फार आवडली. तो माझ्यापुढे उड्या मारत रेष ओलांडत होता, आणि मी त्याच्या पावलांकडे बघत रेषेशिवायच दोन दारं पार केली. यात चमत्कार नाही. समोरच्याचं पाऊलही खूणच. नवरा अजून अडीअडचणीला स्वतःचा पाय माझ्या पायापुढे आडवा ठेवतो, मी तो ओलांडते. त्याला बटण नाही आणि बॅटरीही लागत नाही. तो बरोबर असावा लागतो, एवढंच.

लोक बघतात त्यावरून आठवलं. जेम्स पार्किन्सनने 1817 साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं ते सहा माणसांवरून, आणि त्यातल्या सगळ्यांना काही त्याने तपासलं नव्हतं. काहींना त्याने रस्त्यातच पाहिलं होतं. पुढे झुकलेलं धड, चालीचं हळूहळू पळण्यात होणारं रूपांतर, हे सगळं त्यात आहे. माझ्याकडे कोणी टक लावून पाहायला लागलं की मी मनात म्हणते, बघा, पण बघून काहीतरी उपयोगाचं लिहा.

मेट्रोनोमचं ॲपही मी वापरते, त्याची तुलना विचारली जाते म्हणून सांगते. एकदा चाल सुरू झाली की टक-टक आवाजावर ती टिकते. पण अडकलेला पाय सोडवायला माझ्याकडे तरी आवाज पुरत नाही, तिथे रेषच लागते. काहींचं नेमकं उलटं असतं.

औषधांची जागा काठी घेत नाही, हे वेगळं लिहायची गरज नव्हती, पण माहितीपत्रकातला मजकूर वाचून लिहावंसं वाटलं. लेव्होडोपाची, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो त्या औषधाची, गोळी घेतली की काही वेळाने अंग सुटतं, मग असर उतरतो. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ असं आम्ही म्हणतो. औषध रक्तात फार वेळ टिकत नाही. जोडीला कार्बिडोपा (लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच मोडू नये म्हणून दिलेलं औषध) असूनही साधारण दीड तासात त्याचं प्रमाण अर्ध्यावर येतं. प्रथिनांचं जेवण गोळीच्या वेळेला आलं तर दोघांची आत शिरायची वाट एकच असल्याने गोळी मागे राहते. माझे पाय चिकटतात ते बहुतेक ‘ऑफ’मध्ये, म्हणजे दिवसातल्या ठरावीक वेळा. काहींचे ‘ऑन’मध्येही चिकटतात, त्यांचं गणित निराळं आणि ते न्यूरॉलॉजिस्टकडेच सोडवावं लागतं. माहितीपत्रकातली बाई मात्र चोवीस तास ‘ऑन’ आहे. तिशीची असेल, ताठ उभी, हसतेय, काठी फुलासारखी धरलेली. अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही भिंग घ्यावं लागलं. तो कागद काठी वापरणाऱ्यासाठी लिहिलेलाच नाही, विकत घेऊन देणाऱ्या मुलांसाठी लिहिलाय.

कोणी घेऊ नये? उठल्यावर रक्तदाब एकदम उतरून ज्यांना चक्कर येते, त्यांचं पडणं रेषेने थांबणार नाही. नजर अधू असेल किंवा रेष दिसल्यावर काय करायचं हे आठवत नसेल, तर काठी हातात नुसती अडचण होते. दोन्ही हात आधाराला लागत असतील तर लेझर लावलेले चाकांचे वॉकर मिळतात, ते पाहावेत. उचलून ठेवायचा चौपायी वॉकर मात्र आमच्यासारख्यांना बहुधा आणखी अडकवतो, कारण दर पावलाला चाल तुटते.

पाचपैकी साडेतीन. रेषेला पाच, बटणाला दीड, बॅटरीच्या झाकणाला काही नाही. बटणाबद्दल मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, कंपाचा वेग वगैरे आकडे घालून. सूचनेबद्दल आभार, असं उत्तर आलं.

घ्यायचीच असेल तर आधी घरात चौकटीपाशी आणि पलंगाजवळ, पावलाच्या अंतराने, फरशीच्या रंगापेक्षा उठून दिसणाऱ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावून पाहा. त्या ओलांडताना पाय सुटत असेल तर काठीने सुटायची शक्यता चांगली. सुटत नसेल तर फिजिओला विचारल्याशिवाय घेऊ नका. दुकानात जाल ते बहुधा गोळी घेऊन, तयार होऊन, ‘ऑन’मध्ये जाल; तिथल्या मोकळ्या फरशीवर कुठलीही काठी छानच वाटते. परत करायची मुदत आधी विचारून घ्या, आणि त्या मुदतीत एकदा तरी गोळी उतरलेली असताना, घरात अरुंद दारापाशी, कोणाला तरी मागून ‘लवकर चल’ म्हणायला लावून वापरून पाहा. बाजूला धरायला माणूस उभा ठेवा.